दोर आम्ही सोडतो, नोंद मात्र त्यांची!

कोकणातलं भूजल 'सुरक्षित' आहे, असं सरकारी कागद सांगतात. भूजलाच्या मूल्यांकनात रायगड जिल्ह्यातले तालुके 'सुरक्षित' या रकान्यात बसतात. पनवेलही त्यातच. मे महिन्यात तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर बायका आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं हंडा भरतात, तेव्हाही तालुका कागदावर सुरक्षितच असतो. खाडीकाठच्या गावात विहिरीचं पाणी मचूळ झालं, त्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, तरी तालुका सुरक्षित. मग मैत्रिणींनो, प्रश्न विचारायला हवा: सुरक्षित कोण? पाणी, पाणी भरणारी बाई, की ते कागद तयार करणारा?

आधी हा रकाना ठरतो कसा, ते समजून घेऊ. वर्षभरात जमिनीत किती पाणी मुरलं आणि त्यातलं किती उपसलं गेलं, याचं प्रमाण काढतात. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असला तर 'सुरक्षित', ७० ते ९० असला तर 'अंशतः शोषित', ९० ते १०० 'शोषित' आणि त्यापुढे 'अतिशोषित'. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मिळून हे करतात. उपशाचा आकडा कोणी विहिरीवर बसून मोजत नाही. विहिरींची संख्या आणि एका विहिरीमागे सरासरी इतका उपसा, असा तो गुणाकार असतो. दिवसरात्र पंप लावून टँकर भरणारी एखादी विहीर या सरासरीत सहज लपून जाते.

पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस भागिले कमी शेतीपंप, म्हणजे टक्केवारी कमीच येणार. पण हा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि काळ्या कातळावर पडतो. वरचा मुरूम भरला की उरलेलं पाणी गाढी, काळुंद्री, कासाडीतून खाडीला जातं. मुरूमात साठलेलंही उतारानं हळूहळू निघून जातं. शिवाय इथले लाव्हाचे थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. भूशास्त्राच्या पुस्तकांत या रचनेला आपल्या गावाचंच नाव आहे, 'पनवेल फ्लेक्शर'. म्हणजे ऑक्टोबरात तुडुंब असलेली विहीर मेमध्ये कोरडी पडते. हा कोकणाचा जुना अनुभव आहे, आणि तो वर्षाच्या सरासरीत कधीच दिसत नाही. वर्षाची सरासरी काढून कोणी पाणी पीत नाही. पाणी रोज लागतं, आणि रोजच्या रोज ते आणणारी बाई असते.

आता पातळी मोजण्याबद्दल. राज्यभर ठरावीक निरीक्षण विहिरी आहेत. राज्याची यंत्रणा त्यांची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते. केंद्रीय मंडळही आपल्या विहिरी चारदा मोजतं. अलीकडे काही ठिकाणी आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं बसवली आहेत. हे काम निरर्थक आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. याच नोंदींमुळे मराठवाड्यात पाणी किती खोल गेलं, हे ठासून सांगता येतं. पण वर्षाला चार दिवस मोजल्यावर उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांचं काय? त्या दिवसांतही विहिरीत कोणीतरी दोर सोडतंच. दोराला किती हात जास्त लागले, दुपारनंतर विहीर परत भरायला किती वेळ घेते, कोणत्या महिन्यात पोहरा गाळ वर आणतो, हे त्या बाईला तोंडपाठ असतं. तिच्या दोरावर वर्षाच्या तीनशे पासष्ट नोंदी आहेत. फक्त त्यांना रजिस्टर नाही, म्हणून त्या 'आकडेवारी' ठरत नाहीत. बायकांनी सांगितलं की ती तक्रार, साहेबांनी लिहिलं की तो अहवाल!

खाडीकाठी तर याहून मोठी गोम आहे. तिथं नुसती पातळी मोजून भागत नाही. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. याचा उलटा अर्थ नीट वाचा. वरून उपसून पातळी अर्धा मीटर खाली आणली, तर खालचं खारं पाणी कालांतरानं वीस मीटर वर चढू शकतं. हा हिशेब वाळूसारख्या एकसारख्या जमिनीचा. आपल्या कातळात पाणी भेगांतून चालतं. त्यामुळे एका विहिरीत खारं येतं आणि पन्नास पावलांवरची गोडी राहते. म्हणून एका निरीक्षण विहिरीवरून सगळ्या गावाचा निकाल लावता येत नाही.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी की खारं पाणी आत शिरलं तर विहिरीची पातळी फारशी खाली जातच नाही. गोडं पाणी गेलं, त्याची जागा खाऱ्यानं घेतली. टेप सोडणाऱ्याला पाणी जागच्या जागी दिसतं. तो आकडा लिहितो आणि जातो. विहीर मेलेली असते, पण कागदावर तिची नाडी चालू असते. हे पहिल्यांदा कळतं कोणाला? जी त्या पाण्यात डाळ शिजत घालते तिला. चहात दूध फाटतं, केस चिकट होतात, हंड्याला पांढरा थर बसतो. मापकाच्या भाषेत याला विद्युतवाहकता वाढली, क्लोराइड वाढलं म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १०००. बाईच्या जिभेला हा फरक कागदावर येण्याच्या कितीतरी आधी कळतो. पण जिभेच्या नोंदीला शिक्का कोण मारणार?

मचूळ पाणी म्हणजे फक्त चवीचा प्रश्न, असं कोणी म्हणत असेल तर तिनं बांगलादेशाकडे पाहावं. खुलना भागातल्या दाकोप इथं किनाऱ्यावरच्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या ऋतूत, म्हणजे पाण्यात मीठ वाढतं त्या महिन्यांत, बायकांमधलं गरोदरपणातलं रक्तदाबाचं प्रमाण पावसाळ्यापेक्षा जास्त आढळलं. २०१४ मध्ये त्याच भागातला पुढचा अभ्यास आला. पिण्याच्या पाण्यातलं मीठ जितकं जास्त, तितका गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आणि झटक्यांकडे नेणाऱ्या विकाराचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. तिथल्या डॉक्टरांना हे दाखवता आलं, कारण कोणीतरी पाण्यातलं मीठ महिन्यामहिन्याला मोजत होतं. आपल्या खाडीकाठच्या गावांत आरोग्य केंद्रावर बाईचा रक्तदाब लिहितात. तिच्या विहिरीतलं मीठ त्याच कागदावर कोण लिहितं?

पनवेलबद्दल बोलायचं तर इथं पाण्याखालची जमीनच बदलून टाकली गेली आहे. १९७० मध्ये सिडको आली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायका पुढे होत्या. पण मोबदल्याचा हिशेब झाला तो जमिनीचा. विहिरीचा, झऱ्याचा, तळ्याचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण सातबाऱ्यावर ज्यांची नावं होती ते पाणी भरत नव्हते, आणि ज्या पाणी भरत होत्या त्यांची नावं सातबाऱ्यावर नव्हती. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. तळोज्याच्या कारखान्यांनी कासाडीचं काय केलं, ते राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं.

टेकडी म्हणजे गावाची पाण्याची टाकी. पावसाचं पाणी ती अंगात धरते आणि उन्हाळ्यापर्यंत पायथ्याच्या विहिरींना थेंबथेंब देते. भराव घातला की खाडीचं पाणी पसरायची जागा बदलते. खारबंदिस्तीच्या बांधांकडे दुर्लक्ष झालं की उधाणाचं पाणी शेतात आणि शेतातून विहिरीत येतं. हे सगळं आपल्याला समजतं. पण टेकडी फोडण्याआधीच्या दहा वर्षांची, पायथ्याच्या प्रत्येक विहिरीची महिनेवार नोंद गावातल्या बायकांच्या हातात असती, तर? तर नुकसानभरपाईच्या टेबलावर ती वही ठेवता आली असती. 'आमचं पाणी गेलं' याऐवजी 'या महिन्यापासून, इतकं, या विहिरीतलं गेलं' असं म्हणता आलं असतं. नोंद नसलेल्याचं नुकसान कधी होतच नाही, हा सरकारदरबारचा जुना न्याय आहे.

कायदे नाहीत असंही नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, हातानं, पिण्यासाठी, शेती-बागायतीसाठी, मासेमारीसाठीच परवानगी ठेवली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांतही ही अट फेरफारासह राहिली. १९९३ च्या राज्याच्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. त्यानंतरचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. पण मोडलं हे सिद्ध कसं करणार? बंगल्याच्या कुंपणाआड, रिसॉर्टच्या बागेत, टँकरच्या अड्ड्यावर किती बोअर आहेत आणि शेजारच्या गावविहिरीची पातळी त्यानंतर किती उतरली, याची तारीखवार वही लागते. कायदा सरकारनं केला, पुरावा मात्र ज्याचा त्यानं आणायचा!

आणि योजना? २०१९ मध्ये अटल भूजल योजना आली. गावानं स्वतः पाणी मोजावं, पाण्याचा ताळेबंद मांडावा, त्यात बायका असाव्यात, असं तिचं म्हणणं. चांगलं म्हणणं आहे. महाराष्ट्रातले १३ जिल्हे तिच्यात घेतले. कोकणातला एकही नाही. का? कारण कोकण सुरक्षित! म्हणजे मोजलं नाही म्हणून संकट दिसलं नाही, आणि संकट दिसलं नाही म्हणून मोजायला पैसे नाहीत.

आता आपल्यातल्याच काही आक्षेपांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप बाहेरचा आहे: हे तांत्रिक काम आहे, बायकांना जमणार नाही. ज्या कोळणीला कोणत्या तिथीला उधाण आणि कोणत्या तिथीला भांग, हे पंचांग न उघडता सांगता येतं, तिला भरती-ओहोटीबरोबर खाडीकाठच्या विहिरीची पातळी कशी हलते, हे कोणी शिकवायचं? उलट अष्टमीला घेतलेला आकडा आणि पौर्णिमेच्या भरतीचा आकडा एकाच ओळीत मांडणाऱ्या कार्यालयाला तिनं शिकवायला हवं. टेपला वजन बांधणं, कठड्यावर रंगाची खूण करून दरवेळी तिथूनच मोजणं, कठड्याची उंची वजा करणं, पहाटे उपसा सुरू होण्याआधी मोजणं, मापक पाण्यात बुडवून आकडा वाचणं, यात चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला न जमणारं काहीच नाही. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच जणींना पाणीतपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलंच आहे. तपासणीची पेटी गावात असेल तर तिच्यात क्लोराइडची चाचणीही असते. पेटीवर धूळ बसली असेल तर तो दोष बायकांचा नाही.

दुसरा आक्षेप आपल्या चळवळीतून येतो: आकडे हा त्यांचा खेळ आहे, आपलं काम रस्त्यावर. हंडा मोर्चा काढा, अधिकाऱ्याला घेराव घाला, टँकर येतो. येतो, हे खरं. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडलेल्या मृणाल गोरेंना 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी प्रेमानं दिलं, आणि हंडा-लाटण्याच्या मोर्चांनी आपल्याला आवाज दिला. तो वारसा आपला आहे. पण टँकर कुठून भरतो, हे मोर्चा परतल्यावर कोण विचारतं? एका वाडीची तहान भागवायला दुसऱ्या गावाची विहीर उपसली जाते, आणि तिथल्या बायका पुढच्या वर्षी मोर्चा काढतात. त्या विहिरीचा मालक टँकरवाल्याकडून पैसे घेतो, त्याची बायको आणि सून हंडा घेऊन लांब जातात. मोर्चा मागतो पाणी. वही विचारते, पाणी कोणी नेलं. दोन्ही हवं.

तिसरा आक्षेप: आता नळ आले, विहिरी हव्यात कशाला? पनवेलला पाणी येतं देहरंगहून, पाताळगंगेवरून. सिडकोच्या वसाहतींना हेटवण्याहून. 'शटडाऊन' जाहीर झाला, जलवाहिनी फुटली की शहरातल्या इमारतीतली बाईसुद्धा टँकर शोधते आणि गावठाणातली बाई जुन्या विहिरीकडे वळते. तोवर ती विहीर कचऱ्यानं भरलेली असते किंवा तिच्यावर स्लॅब पडलेला असतो. विहीर बुजली की पाण्याबरोबर साक्षीदारही बुजतो. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, आसपासची गावं तिच्यात गेली. तिथं आता ग्रामसभाही नाही. विहीर बुजवायला हरकत घ्यायची तर कोणासमोर घ्यायची?

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, इशारा आहे. 'लोकसहभाग' हा शब्द ऐकला की सावध व्हा. आजवर त्याचा अर्थ बायकांची फुकट मेहनत असाच निघाला आहे. पाणी बाईनं आणायचं, आता मोजायचंही बाईनंच, आणि आकडे वापरून योजना आखणार, मानधन घेणार, परिषदेत बोलणार दुसरे! हे चालणार नाही. मोजणं हे काम आहे आणि कामाला दाम हवा. नोंद करणाऱ्या बाईचं नाव नोंदीखाली हवं. वहीची मूळ प्रत गावात राहील, कार्यालयाला नक्कल जाईल. आणि विहिरी कोणत्या निवडायच्या, हे पाटलाच्या आळीत ठरणार नाही. कातकरी वाडीची विहीर आणि बौद्धवाड्याची विहीर यादीत आधी येईल. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकरांनी पाण्यावरचा हक्क काय असतो, ते दाखवून दिलं. ज्या मातीत हे घडलं, तिथं पाण्याची नोंद जात पाहून होत असेल तर ती मोजणीच खोटी.

नोंदीची ताकद किती असते, याचं एक उदाहरण. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर इथं शहरासाठी आणि कारखान्यांसाठी विहिरींचं क्षेत्र उपसलं गेलं. समुद्राचं पाणी काही किलोमीटर आत आलं. ते कुठवर आलं, हे वर्षानुवर्षं विहिरींत मीठ मोजल्यामुळे नकाशावर रेघ मारून दाखवता आलं. तिथल्या भूजलासाठी १९८७ मध्ये वेगळा कायदा झाला. कायद्यानं गेलेलं गोडं पाणी लगेच परतत नाही. मुरलेलं मीठ धुऊन निघायला वर्षानुवर्षं पाऊस लागतो. म्हणूनच रेघ आधी मारायची असते, पाणी मेल्यावर नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खाडीकाठच्या आणि टेकडीच्या पायथ्याच्या प्रत्येक गावात निदान तीन विहिरी निरीक्षणासाठी ठरवा. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, पातळी आणि क्षारता दोन्ही मोजा. मोजणाऱ्या दोघी गावातल्याच असाव्यात आणि त्यांना प्रत्येक नोंदीचं मानधन मिळावं. आकडे पंचायतीच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर, मराठीत, सगळ्यांना वाचता येतील असे लिहावेत. टँकर भरणाऱ्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची नोंद जाहीर व्हावी. एकही सार्वजनिक विहीर तिथल्या बायकांच्या सभेच्या संमतीशिवाय बुजवू नये. आणि गावाच्या वह्या मूल्यांकनात धरल्याशिवाय कोणत्याही तालुक्याला 'सुरक्षित' म्हणू नये.

शासन हे करेल तेव्हा करेल. आपण थांबायचं कारण नाही. पंचायतींमध्ये आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या मैत्रिणींना ठराव मांडायला सांगा. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी एक वही उघडा. तिच्यावर विहिरीचं नाव, तारीख, तिथी, भरती की ओहोटी, कठड्यापासून पाणी किती हात खाली, चव कशी, डाळ शिजली का, एवढं लिहा. मापक मिळाला की त्याचा आकडा पुढच्या रकान्यात येईल. हातभर दोराला सेंटिमीटरची टेप लावून एकदा ताडून घ्या, म्हणजे 'हात' म्हणजे किती, हा वाद कोणी घालणार नाही. गटातली एक जण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना बरोबर घेईल, दुसरी आरोग्यसेविकेशी बोलेल, तिसरी मागच्या पाच वर्षांचे सरकारी आकडे माहितीच्या अधिकारात मागवेल. ते आकडे आणि आपली वही शेजारी ठेवा, मग बोलू.

पाऊस संपून विहिरी भरलेल्या असतात तेव्हा कोणाला पाण्याची आठवण होत नाही. नोंद सुरू करायची ती तेव्हाच. या ऑक्टोबरात पहिली ओळ लिहिली, तर मेमध्ये साहेबासमोर हंड्याबरोबर आठ महिन्यांचा हिशेबही ठेवता येईल. मग 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ त्यांना आपल्याला विचारूनच ठरवावा लागेल.